देवपूरचं ऊन आणि कॅमेऱ्याच्या कुशीतली बटणं

व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमतेच्या रकान्यात एक आकडा वर्षानुवर्षं ठरलेला आहे: २००० लक्स. एवढ्या उजेडात पांढरा पृष्ठभाग नीट दिसायला आयरिस, म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक, किती उघडी ठेवावी लागेल, ते त्या आकड्यापुढे छापलेलं असतं. बीटाकॅमच्या पिढीतल्या कॅमेऱ्यांना ती बहुधा एफ-८च्या आसपास लागे. २००० लक्स हा स्टुडिओतला उजेड. धुळ्यात पांझरेच्या उत्तर काठावर, देवपुरात, मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर पडणारा उजेड साधारण एक लाख लक्स असतो, म्हणजे पन्नास पट. आयरिस एक स्टॉप मिटली की आत येणारा उजेड निम्मा होतो. पन्नास पटींचा हिशेब साडेपाच स्टॉपच्या घरात जातो, आणि एफ-८वरून तेवढं खाली उतरायचं तर एफ-५०च्याही पुढे जावं लागेल. असं भोक या कॅमेऱ्यांच्या लेन्सला नसतंच. ती एफ-१६ला, फार तर २२ला थांबते, आणि त्याच्या आधीच, एफ-११ ओलांडलं की, लहान सेन्सरवर चित्राच्या कडा विवर्तनाने मऊ पडू लागतात. या अडचणीवरचा उपाय लेन्सच्या मागे बसवलेल्या एका छोट्या चकतीत असतो. ती फिरवून १/६४ची राखाडी काच पुढे आणली की एक लाख लक्सचे सुमारे दीड हजार होतात. देवपूरचं ऊन स्टुडिओच्या मापाला येतं आणि आयरिस पुन्हा एफ-८च्या जवळ, लेन्स सर्वांत चांगलं काम देते त्या जागी येऊन बसते. चकती फिरवणारा हात मात्र माणसाचा लागतो.

या साध्या हिशेबात माझं म्हणणं जवळजवळ सगळं आलं. कॅमेऱ्यावरचं प्रत्येक बटण कुठल्यातरी ठिकाणचा उजेड, तिथली वीज, तिथल्या माणसांचा वर्ण गृहीत धरून घडलेलं असतं. ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा ते गृहीतक आपणहून अमलात आणतो. जिथे गृहीतक आणि वस्तुस्थिती जुळतात तिथे ऑटोवर भागून जातं. खानदेशात भागत नाही. कर्कवृत्ताच्या खाली, २१ अंश अक्षांशाच्या किंचित अलीकडे असलेल्या धुळ्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. लग्नसराईही याच दिवसांतली. त्या उन्हात कपाळ, नाक आणि गालांची हाडं चकाकतात, डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि मांडवाचं पांढरं कापड मिळून कॅमेऱ्याला सांगतात की इथे उजेड फार झाला. ऑटो आयरिस मिटत जाते आणि नवरदेवाचा चेहरा काळवंडतो. म्हणून इथल्या चलचित्राचा इतिहास कॅमेरा कोणत्या साली आला आणि कितीला मिळाला एवढ्यावरून लिहिणं मला अपुरं वाटतं. कुणी कोणतं बटण ऑटोवरून काढलं, का काढलं, आणि ते काढायला त्याला कुणी शिकवलं, यावरून तो लिहायला हवा.

ही बटणं मुळात कॅमेऱ्यावर नव्हतीच. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाच्या स्टुडिओपद्धतीत कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे चौकट आणि फोकस एवढंच काम असे. आयरिस किती उघडायची, काळ्याची पातळी कुठे धरायची, आणि पुढे १९८२मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आल्यावर लाल-निळ्याचं प्रमाण काय ठेवायचं, हे सगळं जाड केबलच्या दुसऱ्या टोकाला, नियंत्रणकक्षात बसलेला इंजिनिअर ठरवायचा. त्याच्यापुढे कॅमेरा कंट्रोल युनिटचं टेबल असे, शेजारी चित्राची पातळी रेघांनी दाखवणारा वेव्हफॉर्म मॉनिटर. बातमीसाठी कॅमेरा बाहेर न्यायची गरज निर्माण झाली तशी ही व्यवस्था मोडू लागली. १९७१च्या यू-मॅटिक कॅसेटमुळे चित्रण उचलून नेण्याजोगं झालं, तरी रेकॉर्डर वेगळाच खांद्याला लटकवावा लागे. १९८२मध्ये सोनीच्या बीटाकॅमने कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात आणले. केबल गेली, इंजिनिअर मागे राहिला, आणि त्याचं टेबल घडी घालून कॅमेऱ्याच्या डाव्या कुशीत बसवलं गेलं.

आजही खांद्यावरचा कोणताही व्यावसायिक कॅमेरा घ्या, ती घडी ओळखता येते. उजवा हात पट्ट्यात अडकलेला, बोटं झूमच्या दांडीवर. डावा हात लेन्सच्या कड्यांवर, आणि तोच हात थोडा मागे सरकला की गेन, बार्स (रंगपट्ट्या) आणि व्हाइट बॅलन्सचे खटके बोटांखाली येतात. ओळीने असतात, म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरमधून न काढता मोजून सापडावेत. गेनच्या खटक्याला तीन जागा: लो, मीडियम, हाय. गेन डेसिबलमध्ये मोजतात आणि दर सहा डेसिबलला एक स्टॉप मिळतो. अठरा डेसिबल म्हणजे तीन स्टॉप, आठपट उजेडाचा भास. भासच, कारण उजेड वाढत नाही, विद्युतसंकेत वाढतो आणि त्याच्याबरोबर चित्रातली खरखरही. पुढच्या बाजूला लेन्सखाली एक छोटा दांडा असतो. वर ढकलला की व्हाइट बॅलन्स, खाली दाबला की ब्लॅक बॅलन्स. व्ह्यूफाइंडरमध्ये ठराविक पातळीच्या वर गेलेल्या भागावर तिरप्या रेघा उमटवणारा झेब्रा हा त्या वेव्हफॉर्म मॉनिटरचा वारस. वैभव गेलं तरी काम तेच करणारा. धुळ्या-जळगावात ज्याला नुसतं ‘शूटिंगवाला’ म्हटलं गेलं, त्याच्या अंगावर अशी दोन माणसांची कामं येऊन पडली होती, आणि आवाजाची पातळी धरली तर तिसऱ्याचंही. कामं सरकली, पण त्या कामांचं शिक्षण त्यांच्यासोबत सरकलं नाही. ते पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये आणि दूरदर्शनच्या आवारात राहिलं.

उजेडावर माणसाची हुकमत चालवायची परंपरा मात्र खानदेशाच्या अंगणात व्हिडिओच्या कितीतरी आधीची आहे. अजिंठ्याची लेणी खानदेशाच्या उंबरठ्यावरची. १८४४पासून तिथल्या चित्रांच्या नकला करायला बसलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. त्याच्या बहुतेक रंगीत नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रं १८६४मध्येच पुस्तकरूपाने आली होती, ती टिकली. गिलची कबर भुसावळला आहे. त्याहून जवळचं आणि या विषयाला थेट भिडणारं उदाहरण चाळीसगावच्या केकी मूस यांचं. १९१२मध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये छायाचित्रणाचं शिक्षण घेतलेले मूस चाळीसगावी परतले ते १९८९मध्ये मरेपर्यंत त्या घरातून जवळजवळ बाहेरच पडले नाहीत. घराला त्यांनी रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं. खिडकीतून येणारा प्रकाश अडवणाऱ्या आणि अंधारातून फक्त चेहरा वर काढणाऱ्या त्या चित्रकाराचं नाव उन्हाच्या मुलखातल्या घराला द्यावं, यात एक पक्का विचार आहे. मूस यांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रणाची. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांच्यातून निसर्गदृश्य उभं करायचं आणि दिव्याच्या जागेवरून त्यात सकाळ आहे की संध्याकाळ ते ठरवायचं. बाहेरचं ऊन आवरता येत नाही म्हणून त्यांनी आपलं आकाश टेबलाएवढं करून घेतलं, असं मी त्या कामाकडे पाहतो.

मूस स्थिरचित्रण करत, हलत्या चित्रांच्या इतिहासात त्यांना कशासाठी आणायचं, असा आक्षेप कुणी घेईल. मी त्यांना आणतो ते उजेड किती हवा हा निर्णय यंत्राकडून काढून त्यांनी आपल्याकडे घेतला म्हणून. हा निर्णय मराठी मुलखात सिनेमाच्या जन्मालाही हजर होता. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली. हाताने फिरवायच्या त्या जमान्यातल्या कॅमेऱ्यात वेग, उघडीप, थांबा सगळं फिरवणाऱ्याच्या मनगटात होतं. दोन चौकटींमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे फाळक्यांनी ठरवलं म्हणून आठवड्यांची वाढ मिनिटाभरात मावली. ऑटो नावाची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे ती सोडायचा प्रश्नही नव्हता. तो प्रश्न व्हिडिओने आणला.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हीएचएसचे एकसंध कॅमेरे लग्नमांडवात आले आणि नव्वदच्या दशकात पॅनासॉनिकचे एम-३०००, एम-९००० हे या धंद्यातले परवलीचे शब्द झाले. धंद्याची रचना सगळ्या महाराष्ट्रात सारखीच होती: एक जण कॅमेऱ्यावर, एक पोरगा हातात हॅलोजनचा सनगन आणि मागे सरपटणारी वायर घेऊन, आणि लग्न उरकल्यावर कॅसेट ‘मिक्सिंग’ला. त्या कॅमेऱ्यांना आयरिस, शटर, व्हाइट बॅलन्स हे सगळं ऑटो होतं आणि विकणाऱ्याच्या लेखी हाच त्यांचा गुण. आता हळदीचा कार्यक्रम घ्या. ऑटो व्हाइट बॅलन्सची जुनी आणि सोपी रीत अशी की समोरच्या दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यावी असं मानायचं, आणि ती पिवळी आली तर निळं वाढवून सारखी करायची. हळदीच्या मांडवात सरासरी पिवळीच असते. पिवळी लुगडी, पिवळा पाट, पिवळी पोरगी. कॅमेरा त्या पिवळेपणाला दोष समजून तो घालवायला लागतो. जी गोष्ट टिपण्यासाठी त्याला बोलावलेलं असतं तीच तो धुऊन टाकतो. त्यातच सनगनचा उजेड ३२०० केल्विनचा नारिंगी, मांडवातली ट्यूबलाइट हिरवट आणि कनातीच्या फटीतून येणारं ऊन ५६०० केल्विनचं निळसर. तीन उजेडांच्या ओढाताणीत ऑटो एकावरून दुसऱ्यावर घसरत राहतं, आणि एकाच शॉटमध्ये नवरीचा रंग तीनदा बदलतो. ज्या माणसाने सनगनखाली पांढरा रुमाल धरून व्हाइट बॅलन्स केला आणि खटका तिथेच अडकवून ठेवला, त्याच्या कॅसेटमध्ये हळद हळदीसारखी राहिली. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावर गावात नाव व्हायचं.

शटरचीही तीच कथा, तिथे गृहीतक विजेचं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. युरोपप्रमाणे आपण स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे ५० अर्ध्या चौकटी किंवा फील्ड; शटर १/५०वर असेल तर प्रत्येक फील्डमध्ये ट्यूबचे दोन पूर्ण ठोके बसतात आणि उजेड स्थिर दिसतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या एनटीएससी कॅमेऱ्याची घडण ६० हर्ट्झच्या विजेसाठी. तो १/६०वर चालतो, ठोके पुरे पडत नाहीत आणि मांडवाच्या भिंती धडधडू लागतात. कॅमेरा बिघडला असं समजून तो दुरुस्तीला नेणाऱ्याला तो बिघडलेला नाही, त्याची वीज परकी आहे, हे सांगायला कुणीतरी लागायचं. शटर १/१००वर नेलं की बरंचसं भागायचं. आवाजाचं गृहीतक असं की माणूस साधारण एकाच पातळीवर बोलतो. खानदेशी वरातीत बँड वाजतो तेव्हा ऑटो गेन आवाज दाबून ठेवतं, बँड थांबताच हळूहळू वर आणतं, आणि मधल्या त्या क्षणात आईने मुलीच्या कानात जे सांगितलं ते कायमचं हरवतं. माझ्या मते ऑटोने केलेलं सर्वांत मोठं नुकसान आवाजातच झालं आहे आणि त्याची तक्रार सर्वांत कमी झाली, कारण मिक्सिंगमध्ये त्यावर सिनेमाची गाणी चढवली जात.

आता या सगळ्या युक्तिवादाला सर्वांत जड आक्षेप मालेगावहून येतो. धुळ्याहून पन्नासएक किलोमीटरवर, त्याच मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २०००मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला. लग्नकार्यात वापरतात तसा साधा व्हिडिओ कॅमेरा, सुमारे ५० हजार रुपयांचा खर्च, संकलनाला दोन व्हीसीआर. व्यावसायिक कॅमेरा नाही, फिल्टरची चकती नाही, फिल्म इन्स्टिट्यूट नाही. चित्रपट गावातल्या व्हिडिओगृहात गर्दी खेचत चालला, त्याच्या पाठोपाठ इतरांनी चित्रपट काढले आणि ‘मॉलिवूड’ हे नाव रूढ झालं. मग बटणांचं एवढं स्तोम कशाला? गोष्ट सांगायची ओढ असली की बटणं आपोआप सुचतात, असं मालेगाव सांगत नाही का?

या आक्षेपाला मी मान देतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. पण मालेगावकरांनी काय केलं ते नीट पाहिलं तर त्यांनी नियंत्रण सोडलेलं दिसत नाही. कॅमेऱ्यावर जे मिळालं नाही ते त्यांनी कॅमेऱ्याबाहेर उभं केलं. क्रेन नव्हती, तर बैलगाडीची क्रेन झाली. ट्रॉली नव्हती, तर सायकल झाली. कॅमेरा कुठून, किती वेगाने, किती उंचीवरून पाहील हे त्यांनी यंत्रावर सोपवलं नाही. दोन व्हीसीआरवर दृश्य कापायचं म्हणजे एकावर पॉज आणि दुसऱ्यावर रेकॉर्डचं बटण दाबण्यातला अर्ध्या सेकंदाचा उशीर हाताला माहीत असावा लागतो. पुढे सुपरमॅनचा चित्रपट करायला घेतला तेव्हा हवेत उडण्यासाठी क्रोमा-की, म्हणजे हिरव्या कापडापुढे चित्रण करून मागचं दृश्य बदलायची युक्ती, आली, आणि इथे तर कॅमेऱ्याबाहेरचा जुगाड चालतच नाही. हिरव्या कापडावर उजेड सारखा पडला नाही, आयरिस मध्येच हलली किंवा व्हाइट बॅलन्स घसरला, तर संगणकाला हिरवा एक रंग राहत नाही, आणि नायकाच्या कडेला हिरवी किनार उरते. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटात ही धडपड टिपलेली आहे. चित्रणाच्या वेळी कॅमेरा पाण्यात पडतो तो प्रसंगही त्यात आहे. अवघं युनिट त्या एका यंत्रावर किती टांगलेलं होतं ते तिथे कळतं. त्या चित्रपटात सुपरमॅन झालेले शेख शफीक यंत्रमागावर काम करणारे होते आणि २०११मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. त्यांना नीट पाहता यावं, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव उन्हात जळून जाऊ नयेत, एवढं तरी कॅमेऱ्याने त्यांचं देणं लागत होतं. मालेगावने दाखवलं की महागडा कॅमेरा नसताना सिनेमा होतो. निर्णय न घेता होतो, असं मात्र मालेगावच्या कुठल्याच चौकटीत मला दिसत नाही.

दुसरं वळण वाहिन्यांचं. १९९९मध्ये अल्फा टीव्ही मराठी, २०००मध्ये ईटीव्ही मराठी, मग २००७मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८मध्ये आयबीएन लोकमत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातम्या लागू लागल्या आणि त्या पाठवणाऱ्या वार्ताहरांच्या, कॅमेरामनांच्या हातात डीव्ही पिढीचे छोटे व्यावसायिक कॅमेरे आले. सोनीचा पीडी-१५० २०००चा, पीडी-१७० २००३चा. या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असलेला तीन जागांचा एक खटका मला या इतिहासातला सर्वांत बोलका भाग वाटतो. एका टोकाला ‘ऑटो लॉक’: सगळं यंत्राकडे. मधली जागा: आयरिस, गेन, शटर, व्हाइट बॅलन्स प्रत्येकाचं वेगळं बटण जागं होतं. दुसऱ्या टोकाला ‘होल्ड’: मी ठरवलेलं तसंच राहू दे. ज्याने विकत घेतल्यापासून तो खटका ऑटो लॉकवरच ठेवला, त्याच्या हातात दिसायला व्यावसायिक कॅमेरा होता, करणीला तो घरगुतीच. त्याच कॅमेऱ्याला लेन्सपाशी राखाडी काचेच्या दोन पायऱ्या होत्या, १/४ आणि १/३२, आणि उजेड जास्त झाला की पडद्यावर ‘एनडी’ ही त्या राखाडी काचेची अक्षरं उघडझाप करून काच लावा असं सुचवत. धुळ्याच्या उन्हात ती अक्षरं सारखी लुकलुकणार. त्यांचा अर्थ न कळलेल्याच्या चित्रात ऑटो शटर हजाराव्या भागापर्यंत चढतं आणि लेझीम खेळणारे हात झटके देत तुटक हलतात.

झेब्रा तर आणखी खोलात नेतो. कॅमेऱ्यात तो सहसा ७० आणि १०० टक्क्यांवर लावता येतो. १०० म्हणजे पांढरं जळायची सीमा, हे ठीक. पण ७० कशाचं? गोऱ्या त्वचेच्या चमकत्या भागाचं. गालावर आणि कपाळावर थोड्या रेघा दिसेपर्यंत आयरिस उघडा, ही शिकवण ज्या देशांत तयार झाली तिथल्या चेहऱ्यांना ती लागू होती. कोडॅकच्या छपाईत रंग जुळवायला दशकानुदशकं ज्या नमुना-छायाचित्रांवर भिस्त होती, त्या ‘शर्ली कार्डां’वर गोरी स्त्री असे, हे तेच गृहीतक दुसऱ्या यंत्रात. साक्री-शिरपूरकडच्या भिल्ल, पावरा शेतकऱ्याच्या किंवा दिवसभर कापूस वेचलेल्या बाईच्या कपाळावर ७०च्या रेघा उमटेपर्यंत आयरिस उघडली तर मागचं आभाळ, अंगावरची साडी, कापसाचं बोंड सगळं पांढरंफटक होतं आणि चेहऱ्याचाही खरा वर्ण राहत नाही. ५०-५५च्या घरात तो चेहरा आपल्या रंगाने उभा राहतो. ऑटोवर सोडलं तर उलटी चूक: मागच्या आभाळाकडे बघून आयरिस मिटते आणि माणसाची नुसती आकृती उरते. जिल्ह्याच्या बातमीत आदिवासी माणूस सावलीसारखा दिसतो तेव्हा संपादकांचा कल कारण असेलही. पण पुष्कळदा एक न फिरवलेलं कडं तेवढंच कारण असतं. हे मला गंभीर वाटतं. बातमीत कोणाचा चेहरा दिसावा, हा प्रश्न शेवटी आयरिसपाशीही येऊन ठेपतो.

आजचा आक्षेप वेगळा आहे आणि तो रोज बळावतो आहे. हातातला मोबाइल एका क्षणात कमीजास्त उजेडाच्या अनेक चौकटी घेऊन त्या एकत्र करतो, चेहरा ओळखून त्यालाच उजळतो, ट्यूबलाइटची धडधड स्वतः मोजून टाळतो. अहिराणी गाण्यांचे कितीतरी व्हिडिओ यूट्यूबवर येतात आणि त्यांतले बरेच असे कॅमेरे हातात घेऊन मोठ्या झालेल्या पिढीचे आहेत. म्हणजे जुन्या गृहीतकांचे दोष यंत्रांनीच दूर केले नाहीत का? काही केले, हे कबूल करायला हवं. विजेचा प्रश्न जवळजवळ सुटला, अंधारातली खरखर खूप कमी झाली. पण गृहीतकं नाहीशी झाली नाहीत, ती अधिक खोल गेली आणि त्यांना बटण उरलं नाही. चेहरा उजळायचा हे यंत्राने ठरवलं की तो किती उजळायचा हेही तेच ठरवतं, आणि त्वचा गुळगुळीत, गोरट करण्याकडे त्याचा कल असतो. भरदुपारचं ऊन आणि मांडवातली सावली दोन्ही एकाच पातळीवर आणली की चित्र स्वच्छ दिसतं. मात्र खानदेशातली दुपार त्यातून निघून जाते. डोळे दिपवणारा बाहेरचा उजेड आणि ओट्यावरचा गारवा यांतला फरकच तिथे उरत नाही. याचा पुरावा मोबाइलवालेच देतात. थोडं गंभीर काम करायला घेतलं की ते एक्स्पोजर लॉक करायला शिकतात, मग व्हाइट बॅलन्सचा आकडा हाताने भरता येईल असं ॲप शोधतात, मग लेन्सवर राखाडी काच चढवतात. इंजिनिअरच्या टेबलाची तीच घडी ते पुन्हा उलगडत असतात, फक्त काचेच्या पडद्यावर.

राहतो तो शिक्षणाचा भाग, आणि इथे मला कुणाचा आक्षेप खोडायचा नाही, एक उणीव सांगायची आहे. ही विद्या खानदेशात पोहोचली ती तोंडातोंडी. पुस्तिका इंग्रजीत, बटणांवरची अक्षरं इंग्रजीत, आणि उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन लग्नसराया काढल्याशिवाय कोणता खटका कशाला ते कळायचं नाही. अशा शिक्षणाने हात तयार होतो, कारण कळत नाही. ‘मे महिन्यात दुसरी काच लाव’ एवढं सांगणारा उस्ताद बरोबरच सांगत असे. पण दोन हजार आणि एक लाख हा हिशेब माहीत असलेला मुलगा श्रावणातल्या ढगाळ दुपारी कोणती काच लावायची तेही स्वतः काढू शकतो, आणि नवा कॅमेरा हातात आला तरी अडत नाही. हा हिशेब मराठीत मांडायला अवघड नाही. आयरिस, गेन, झेब्रा हे शब्द मराठीत रुजलेलेच आहेत, त्यांना प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही. हवा आहे तो त्यांच्यामागचा कार्यकारणभाव, आपल्या उन्हाच्या आकड्यांसह.

श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवात हे सगळं एका शॉटमध्ये मागितलं जातं. रविवारी रात्रभर देवीपुढे गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी ती मिरवत नदीकडे निघते. देवपुरातल्या घरातून बाहेर पडणाऱ्या कानबाईचा शॉट कापायचा नसेल तर तयारी तासभर आधी होते. घरातल्या दिव्यांखाली पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स खटक्याच्या ‘बी’ जागेत भरायचा, मग अंगणात जाऊन आभाळाखाली तोच कागद धरून ‘ए’मध्ये. आत गेन नऊ डेसिबल, आयरिस उघडी. बाहेर गेन शून्य, आयरिस बरीच मिटलेली, शटर दोन्हीकडे १/५०. आवाज हाताने धरलेला, बाहेरच्या ढोलाच्या पातळीला पुरेल इतका खाली. देवी उचलली जाते, बायका ओवाळतात, कॅमेरा मागे सरकू लागतो. डाव्या हाताचं एक बोट आयरिसच्या कड्यावर, अंगठा खटक्याच्या जवळ. ऑटोला इथे एक-दोन सेकंद लागतात: देवीचा मुखवटा आधी उन्हात पांढरा होऊन जातो आणि मग सावरतो. हाताने फिरवलेलं कडं तिच्या पावलाबरोबर फिरतं, आणि ती उंबरठा ओलांडत असतानाच खटका ‘बी’वरून ‘ए’वर जातो.